गाठीचं कुसळ

(वऱ्हाडातलं शिरपूर, १९४४. वैशाखातली दुपार. नानाजी बाजेवर उताणा पडलेला, डाव्या डोळ्यावर पट्टी. सैफुद्दीन दर्जी मालेगावहून नुकताच येऊन टेकलेला.)

सैफुद्दीन : दार उघडू दे म्हनतो ना बे. अंधारात मले पट्टी दिसते, डोळा नाही दिसत.

नानाजी : अगोदर कार्ड वाच.

सैफुद्दीन : अगोदर डोळा.

नानाजी : सैफू, फिरून कवा येऊ म्हून आपन इचारलं होतं, त्याचं मुंबईच्या डॉक्टरचं कार्ड काल आलं. तू काल राती रिसोडहून आला अन् ते घेऊन सकाळी मालेगावले गेला, मास्तरकडून इंग्रजी वाचून घ्याले. आल्यापासून तीन गिलास पानी पेला अन् बोल्ला काहीच नाही. चांगलं लिवलं असतं त वेशीतूनच बोंबलत आला असता.

सैफुद्दीन : खराब बी नाही लिवलं.

नानाजी : मंग सांग.

सैफुद्दीन : डॉक्टर म्हनते, डोळ्यात शिवेल चकतीवर सफेदी आली असन, अन् ते कडेकडेलेच असन, त एक दिस न गमावता घेऊन या. खाट देतो म्हने.

नानाजी : अन् मधात पोचली असन त?

सैफुद्दीन : पाहू तर दे!

नानाजी : मधात पोचली असन त काय म्हनते?

सैफुद्दीन : मंग एवढ्या लांबच्या प्रवासाची तकलीफ देऊ नका म्हने. दुखू नाही म्हून थेंब चालू ठिवा.

नानाजी : म्हंजे मातीच द्या म्हन ना.

सैफुद्दीन : तोंड सांभाळून बोल, नाना. माह्या साल्याचा डोळा हाय तो.

नानाजी : हळू बोल. बाई हिरीवर गेली, येईन एवढ्यात.

सैफुद्दीन : अजून नाही सांगतलं तिले?

नानाजी : काय सांगू? का बाई, आखाजीले तू ज्याच्या हातून बापाच्या नावाची घागर पुजली, त्याच्या डोळ्यात चांद मोमिनाच्या डोळ्याचा तुकडा शिवेल हाय? बहीन असून आईवानी तिनं मले लहानाचा मोठा केला सैफू. बाप गेला तवा मी चार वर्साचा होतो अन् ती नवऱ्यामागं पांढरं कपाळ घेऊन आल्ती. तिच्या देवघरात सोवळ्याबिगर उंदीर बी जात नाही. मुंबईतच ठरलं होतं आपलं. घरी एवढंच सांगाचं, डॉक्टरनं डोळ्यातलं फूल काढलं अन् औषध घातलं.

सैफुद्दीन : ठरलं होतं. अन् त्यातला जादा शहाना मीच. टाका म्हनला का ठिगळ आलं, ठिगळ म्हनलं का कापड कोनाचं, हे कोनी बी इचारते. म्हून टाक्याचं बी बोलू नोको म्हनलं. चल, पट्टी सोडतो. डोकं हालवू नोको.

नानाजी : सोड. मले काय फरक पडते.

सैफुद्दीन : लागलं?

नानाजी : पट्टी चिकटली असन. पाह्यटंपासून चिकट पानी येऊन राह्यलं.

सैफुद्दीन : दार थोडंसंच उघडतो. अस्सं. आता माह्याकडं पाह्य. वरते. खालते. नाकाकडं… अबे, मिटू नोको!

नानाजी : सुया टोचतात उजेडाच्या.

सैफुद्दीन : एक घडी. डॉक्टरनं मले भिंगातून दाखवलं होतं. म्हने, तू दर्जी, तुले समजन. चाकाच्या आऱ्यावानी आठ टाके, सगळ्याईच्या गाठी एका बाजूले. म्या म्हनलं, साहेब, जिंदगी शिवन्यात गेली पन असं काम पाह्यलं नाही. एक… दोन… हा तिसरा ढिला हाय. चार. पाच बी ढिला. सहा…

नानाजी : काहून थांबला?

सैफुद्दीन : फिरून मोजतो.

नानाजी : मोज.

सैफुद्दीन : सातच.

नानाजी : नीट मोज.

सैफुद्दीन : दर्ज्याले टाका मोजता येत नाही का नाना? नाकाकडच्या अंगाले एक टाका नाही. तिथं चकतीची कड वर आली. उसवल्यावानी दिसून राह्यली.

नानाजी : अन् सफेदी?

सैफुद्दीन : तू सांग अगोदर, हे बोटं किती?

नानाजी : हात हाय ते समजते. बोटाचं नोको इचारू.

सैफुद्दीन : आखाजीच्या दिशी तू वावरातल्या निंबावरचा कावळा सांगतला होता मले!

नानाजी : तवाची गोष्ट तवा. आता दार कुठं हाय तेवढं दिसते. बाकी सारं दह्याच्या निवळीतून पाह्यल्यावानी. सफेदी कुठलोक आली ते सांग.

सैफुद्दीन : कडेले हाय.

नानाजी : खरं सांगून राह्यला?

सैफुद्दीन : कडेलेच हाय म्हनतो. उद्या सकाळच्या मोटारीनं अकोला गाठू, तिथून आगगाडी. परवाच्या दिशी मुंबई. पन हा टाका गेला कुठं? टाका काही आपोआप गळत नाही. डॉक्टरनं काय सांगतलं होतं? सूज उतरली का टाका ढिला पडते, ढिला पडला का टोचते, पानी आनते. टोचला त टोचू द्याचा. हात लावाचा नाही. जखम भरली नसतानी टाका ओढला त चकती सरकते. तू चोळला का डोळा?

नानाजी : नाही.

सैफुद्दीन : झोपेत?

नानाजी : बाई आली. तिच्या पायाचा आवाज… नाही, ते रुपाबाई गेली वाटते शेजारची. नाही, बाईच हाय.

चतुराबाई : कोन, सैफुभाऊ? कवा आले? अन् दार कायले उघडं टाकलं बापा, सारा फुफाटा घरात येते ना. घागर उतरवतो म्हनता तर तेबी नाही. बसा, बसा. डोळा पाहून राह्यले का?

सैफुद्दीन : हो बाई.

चतुराबाई : पाहा चांगला. दोनचार दिसापासून पानी येते जरासं, पन टोचत नाही आता. इचारा त्याले.

सैफुद्दीन : टोचत नाही? काहून टोचत नाही?

चतुराबाई : काढलं ना म्या!

सैफुद्दीन : काय काढलं?

नानाजी : बाई, राहू दे आता. त्याले पानी दे.

चतुराबाई : काहून राहू देऊ? चोरी केली का? सैफुभाऊ, आखाजी झाली अन् तुमी रिसोडले लगनाचे कपडे शिवाले गेले. सहा दिस. पट्टी बदलाचं तुमी कोनाले सांगून नाही गेले, हा बी मले हात लावू देत नव्हता. अन् इकडे हा तडफडून राह्यला. कुसळ गेल्यावानी टोचते, कुसळ गेल्यावानी टोचते, येवढंच तोंडात. भाकर खाल्ली नाही तीन दिस. म्या म्हनलं, कुसळ गेल्यावानी काय, कुसळच असन. मालेगावहून गाडीत बसून आल्ते ना तुमी? त्या गाडीत काय पसरेल होतं?

सैफुद्दीन : गवत होतं.

चतुराबाई : कुसळी गवत! म्या सोता झाडली ती गाडी. त्याचं कुसळ काळं राह्यते, अन् गेलं का आतमधी वळत जाते. चाळीस वर्सं हेच केलं म्या. खळ्यावरचे मानसं येतात, कडबा रचनारे येतात, मंदिरावरचे यात्रेकरू बी इचारत इचारत येतात, कुसळवाल्या बाईचं घर कोनतं म्हून. एक पैसा घेतला नाही कवा. घेतला का हाताचा गुन जाते. माह्या हातून कोनाचा डोळा गेला असं कोनी म्हनते का शिरपुरात?

सैफुद्दीन : नाही म्हनत बाई. तुमी… कसं काढलं?

चतुराबाई : जसं काढतो तसं. एरंडीच्या तेलाचा थेंब टाकला, मऊ पडाले. पट्टी सोडली तवाच दिसलं, नाकाकडं काळं टोक वर आलं होतं. माह्या डोक्याचा लांब केस घेतला, त्याचा फास केला, फासात टोक धरलं अन् हळूच ओढलं. जरा अडलं.

सैफुद्दीन : अडलं?

चतुराबाई : आत रुतेल होतं ना. धरून ओढलं अन् आलं. मंग रुपाबाईच्या अंगावरचं दूध आनलं, दोन महिन्याचं लेकरू हाय तिचं. दोन थेंब टाकले. त्या दिशी हा असा झोपला सैफुभाऊ, सात वर्सात झोपला नाही तसा.

सैफुद्दीन : या अल्ला.

चतुराबाई : काय झालं?

सैफुद्दीन : ते कुसळ कुठं हाय? फेकलं?

चतुराबाई : फेकीन कशी? येवढं मोठं कुसळ म्या उभ्या जन्मात काढलं नाही. तुमाले दाखवाचं होतं म्हून कुंकवाच्या जुन्या करंड्यात ठिवलं. थांबा, आनते.

नानाजी : सैफू. नोको सांगू तिले. कुसळच म्हन.

सैफुद्दीन : अबे, तुले मालूम होतं?

चतुराबाई : हे पाहा. कापसावर ठिवलं, नाही त दिसत नाही. काळं हाय ना?

सैफुद्दीन : उजेडात घेऊ द्या.

चतुराबाई : घ्या. म्या म्हनलं नव्हतं?

सैफुद्दीन : बाई, कुसळाले गाठ राह्यते का?

चतुराबाई : कायची गाठ?

सैफुद्दीन : हे टोक पाहा. नखानं चाचपा. गाठ हाय. एकावर एक, दोनदा मारेल. कुसळ नाही हे. रेशीम हाय.

चतुराबाई : डोळ्यात रेशीम कायले जाईन?

सैफुद्दीन : हे नानाच सांगन.

चतुराबाई : बोला ना. दोघं बी काय लपवून राह्यले? नानाजी, तू बोल. डोळ्यात रेशीम कोन घातलं?

नानाजी : डॉक्टरनं.

चतुराबाई : कायले?

नानाजी : सैफू, सांग तू. मले नाही सांगता येत.

सैफुद्दीन : बाई, बसा खाली. नाही, बसा अगोदर. नानाच्या डोळ्यातलं फूल औषधानं जानारं नव्हतं. उजवा त लहानपनीच देवीनं नेला, अन् सात वर्सामागं डाव्याले ज्वारीचं पातं लागलं तवापासून समोरचा पडदाच पांढरा झाला. तेवढा पडदा कापून काढाचा अन् तिथं दुसऱ्याच्या डोळ्याचा साफ पडदा शिवाचा, असं काम ते डॉक्टर शिकून आले हायेत. माह्या बायकोचा, हलिमाचा भाऊ चांद, तुमाले मालूम हाय.

चतुराबाई : गिरनीत कामाले हाय तो?

सैफुद्दीन : होता. मागावरचा धोटा उडाला अन् डोळ्यात बसला. डोळा मागून फुटला. काढला नाही त दुसरा बी जाईन, असं डॉक्टर बोल्ले. पन समोरून काचेवानी साफ होता. चांदचं खत आलं मले. म्हने, तुमच्या शिरपुरात एक आंधळा दोस्त हाय ना तुमचा, त्याले आना. माह्या काय कामाचा आता, त्याच्या तरी येईन. म्हून मी नानाले घेऊन गेलो. दोघाच्या खाटी शेजारी होत्या. पाडव्याच्या दोन दिस आधी त्याचा डोळा काढला अन् याचा शिवला.

चतुराबाई : चांदचा डोळा.

सैफुद्दीन : मसुराच्या दान्यायेवढी चकती. आठ टाके. अजून पंधरा दिस राह्यले असते अन् डॉक्टरनं सोता काढले असते. पन गोदीत स्फोट झाला, दवाखान्यात जळेल मानसं आनून आनून टाकले, जमिनीवर जागा नव्हती. ज्याले चालता येते त्यानं घरी जावं म्हने. आमाले समजावून धाडलं. पंधरा दिसानं या. हात लावू नका.

चतुराबाई : हे सारं तुमाले मालूम होतं.

सैफुद्दीन : हो बाई.

चतुराबाई : अन् मले सांगतलं, औषध घातलं.

सैफुद्दीन : आमाले भेव होतं, तुमी…

चतुराबाई : मी काय?

नानाजी : तू देवघराच्या उंबऱ्यात उभं राहू देल्लं नसतं मले.

चतुराबाई : नसतंच देल्लं! भांडली असती. कपाळ बडवलं असतं. चार दिस तुह्याशी बोल्ली नसती अन् तुही ताटली वेगळी काढली असती. हो, केलं असतं म्या हे सारं. पन हात लावला असता का डोळ्याले? सांगा. लावला असता का म्या हात?

सैफुद्दीन : नाही.

चतुराबाई : कोनाचा डोळा हे नव्हतं सांगाचं त नोको सांगू. येवढंच सांगाचं होतं, बाई, डोळ्यात धागा हाय. तीन शब्द. तेवढेबी महाग झाले का तुमाले?

सैफुद्दीन : गलती माही हाय, बाई. टाक्याचं बी लपवा, हे मीच म्हनलं. अन् लगीनसराईचं काम हातातून जाईन म्हून सहा दिस रिसोडले मीच बसलो.

चतुराबाई : चांद… लहान होता तवा आल्ता एकडाव ताजियाच्या टायमाले. लेकराले वारा लागला अन् डोळ्यात काहीतरी गेलं. माह्याच मांडीवर निजवला होता म्या त्याले. कोनता डोळा होता देव जाने. मले कुठं आठवते आता. गुळपानी पेऊन हासत गेल्ता. अन् त्याच डोळ्याले म्या… सैफुभाऊ, हे हात चुलीत घातले पाह्यजे माहे.

नानाजी : बाई, हाताले नोको बोलू.

चतुराबाई : मंग कोनाले बोलू? ओढलं कोनं? अडलं तरी ओढलं. अडलं तवाच समजाले पाह्यजे होतं मले. कुसळ अडत नाही असं. चाळीस वर्साचा हात, अन् त्याले समजलं नाही!

नानाजी : मी जागाच होतो.

सैफुद्दीन : काय म्हनला?

नानाजी : ती म्हनली, कुसळ दिसून राह्यलं, काढू का? मी जागा होतो. मले मालूम होतं, कुसळ नाही ते. ढिला टाका हाय.

सैफुद्दीन : नाना!

नानाजी : तीन दिस सहन केलं म्या. पापनी हालली का टोचे. गिळलं का टोचे. पानी येऊन येऊन गालाची साल गेली. दिस मोजत होतो तुह्या याचे, अन् तू येत नव्हता. चौथ्या दिशी म्हनलं, आठ हायेत. आठातला एक गेला त काय आभाळ कोसळते. तिले खरं सांगतलं असतं त तिनं हात लावला नसता. म्हून म्हनलं, हो, कुसळच हाय. काढ.

चतुराबाई : मले कुसळ म्हनू देल्लं तू.

नानाजी : हो.

चतुराबाई : माह्या हाताशी लबाड बोल्ला.

नानाजी : हो बाई.

चतुराबाई : अन् मी गल्लीभर सांगत फिरली. मुंबईच्या डॉक्टरले नाही दिसलं ते म्या काढलं म्हून. रुपाबाईच्या सासूले करंडा उघडून दाखवला. तू आतमधून आयकत होता, नाही?

नानाजी : आयकत होतो. दोन दिस टोचलं नाही अन् वाटलं, निभलं. कशाले कोनाले सांगाचं. तिसऱ्या दिशी पाह्यटं डोळा उघडला अन् तुहा चेहरा पुसट दिसला. म्हनलं, पदर आडवा घेतला असन. म्या तुले म्हनलं बी, पदर काढ बाई तोंडावरचा. तू म्हनली, पदर कुठं हाय रे बापा तोंडावर.

चतुराबाई : सैफुभाऊ, आता काय? डॉक्टरचं कार्ड आलं ना? काय म्हनते?

सैफुद्दीन : कडेले सफेदी असन त घेऊन या म्हने. मधात असन त…

चतुराबाई : त?

नानाजी : त नोको.

चतुराबाई : सरका तुमी. मी पाह्यते.

सैफुद्दीन : बाई, म्या पाह्यलं. कडेले हाय.

चतुराबाई : तुमी कापड पाहा. डोळे म्या पाह्यले जन्मभर. हात नाही लावत, भेऊ नोका. हात मागं बांधते. नानाजी, इकडं पाह्य. माह्याकडं.

नानाजी : कुठं हायेस तू?

चतुराबाई : हे काय, समोर.

नानाजी : हं.

चतुराबाई : मधात हाय.

सैफुद्दीन : बाई!

चतुराबाई : मधात हाय, सैफुभाऊ. बाहुलीवर आली. दुधावर साय धरते तशी. अजून बी लबाडीच करसान का तुमी?

नानाजी : पाह्य सैफू, एका घरात एक मानूस त खरं बोलते.

सैफुद्दीन : तरी जाऊ. कार्डात लिवलं म्हून काय झालं? समोर नेऊन उभा केला त डॉक्टर का हाकलून देईन? उद्याची कोळशावर चालनारी मोटार…

चतुराबाई : मी बी येते. पाय धरीन त्याचे. सांगीन, माह्या हातून झालं, या लेकराचा काही गुन्हा नाही.

नानाजी : कोनी नाही जानार. ना तू, ना मी. त्या मोटारीत दिसभर गचके खाऊन, आगगाडीत रात काढून, तिथं जाऊन काय आयकाचं? जे कार्डात हाय तेच. अन् दुसरा चांद कुठून आनाल? कोनाचा डोळा फुटाची वाट पाहू मी? आंधळा मांगते एक डोळा अन् देव देते दोन, असं म्हनतात. मले एकच भेटला, तो बी परक्याचा, अन् तोबी पचवता नाही आला. बस झालं. पट्टी बांध सैफू.

सैफुद्दीन : नाना…

नानाजी : बांध म्हनतो. दार लोट.

चतुराबाई : थेंब कोनते टाकाचे?

सैफुद्दीन : त्या निळ्या बाटलीतले. दोन डाव. बाई, तुमी कायले, मी येत जाईन रोज.

चतुराबाई : हो, तुमीच या.

नानाजी : दुसरं कार्ड कोनाचं होतं? तुह्या खिशातून दोन काढतानी आवाज आला मले.

सैफुद्दीन : ते मंग वाचू.

नानाजी : चांदचं हाय ना?

सैफुद्दीन : हो.

नानाजी : वाच.

सैफुद्दीन : सलाम लिवला हाय साऱ्याले. बाईले बी लिवला. म्हनते, गिरनीतून काढलं. एका डोळ्याच्या मानसाले मागावर ठिवत नाही. आता चाळीत बसून राह्यतो. दुसरा डोळा ठीक हाय, अल्लाचा फजल. अन् पुढं…

नानाजी : वाच ना.

सैफुद्दीन : म्हनते, नानाभाईले इचारा, माह्या डोळ्यानं त्यानं काय काय पाह्यलं. सगळं लिवून धाडा. मी इथं खोलीत बसेल राह्यतो, पन दिसभर मनात येते का आपला एक डोळा तिकडं शिरपुरात हिंडून राह्यला. मले बरं वाटते.

नानाजी : कोरं कार्ड हाय का तुह्यापाशी?

सैफुद्दीन : हाय एक.

नानाजी : लिव. म्या सांगतो तसं लिव. सर्वात पह्यले म्या तुलेच पाह्यलं. शेजारच्या खाटीवर. पट्टी बांधेल होती तुले अन् तू हासत होता. तुह्या पुढचा एक दात अर्धा हाय.

सैफुद्दीन : लिवलं.

नानाजी : मंग सैफूची दाढी पाह्यली. म्या पाह्यली होती तवा काळी होती, आता मेंदी लावते म्हातारा. अकोल्याच्या टेसनावर एक बाई टोपल्यात संत्री घेऊन बसेल होती, ते संत्री. मी तिथंच उभा राह्यलो होतो, सैफू ओढून राह्यला तरी. घरी आलो तवा मंदिराचा कळस. धवळ्या बैल म्हातारा झाला, त्याच्या शिंगाची एक बाजू झिजली. वावरातल्या निंबावरचा कावळा.

सैफुद्दीन : बारीक लिवा लागन. जागा थोडी हाय.

नानाजी : बाईचे केस. सात वर्सात सारे पांढरे झाले. मले कोनी सांगतलंच नव्हतं. रोज डोक्यावरून हात फिरवते ती माह्या, पन हातानं का केसाचा रंग समजते? दारात उभी होती पान्याचा तांब्या घेऊन. म्या म्हनलं, ही कोन म्हातारी.

चतुराबाई : ते कायले लिवता?

नानाजी : लिव. तेवढं जरूर लिव.

सैफुद्दीन : लिवलं. अन् आता?

नानाजी : आता काय?

सैफुद्दीन : तो पुसून राह्यला ना, हिंडून राह्यला का डोळा म्हून. आखरीले काय लिवू? एक ओळ राह्यली.

नानाजी : खरं लिव. लबाडी लय झाली या घरात.

सैफुद्दीन : बसेल हाय तो बिचारा, नाना. येवढ्याच एका गोष्टीवर बसेल हाय.

नानाजी : मले नोको इचारू मंग.

चतुराबाई : लिवा, दिसून राह्यलं.

सैफुद्दीन : बाई, तुमी म्हनता हे? आत्ताच तुमी…

चतुराबाई : हो, मीच म्हनते. माह्या नावानं लिवा. चतुराबाईनं सोता पाह्यला म्हना डोळा. साफ हाय म्हना.